यादीत नाव कुणाचं?

कंत्राटी कामगाराचा गेटपास कधी हातात घेऊन पाहिला आहे का? प्लास्टिकच्या पाकिटातलं जाड कागदाचं कार्ड असतं. त्यावर फोटो, नाव, ठेकेदाराचं नाव आणि मुदत. ठेका संपला की पासही संपतो. मग दुसरा ठेकेदार येतो. तोच माणूस, तेच काम करायला, त्याच गेटमधून आत जातो. नवा असतो तो फक्त पास. राख उपसण्यात, कोळशाच्या बेल्टखालचा चुरा भरण्यात पंधरा-वीस वर्षं गेलेल्या माणसाच्या घरी अशा जुन्या पासांचा गठ्ठा सापडतो. कागदोपत्री मात्र त्याची नोकरी दर वेळी नव्याने सुरू झालेली असते.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची आजची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथले पहिले दोन संच १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले आणि आता कायमचे बंद झाले. तिसरा आणि चौथा त्याच दशकातले, म्हणजे चाळिशीला टेकलेले. संच बंद होतो तेव्हा कायम कर्मचाऱ्याची दुसरीकडे बदली होते. कंत्राटी कामगाराचा ठेका संपतो, एवढंच. त्याला कामावरून काढलं अशी नोंद कुठेच होत नाही, कारण तो इतकी वर्षं कामावर होता हीच नोंद धड कुठे नसते.

भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं. २०२५ च्या मध्यावर देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा आणि गॅस सोडून इतर स्रोतांची झाली. प्रत्यक्षात तयार होणारी बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे, पण दिशा ठरली आहे. ही दिशा बरोबर आहे आणि पावलं आणखी भरभर पडायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. मे महिन्यात ४७ अंशांत डांबरी रस्त्यावर काम करणाऱ्या विदर्भातल्या माणसाला तापमानवाढ काय असते ते तक्ते दाखवून सांगावं लागत नाही.

या बदलाबरोबर ‘न्याय्य संक्रमण’ हा शब्द आता अहवालांतून, परिषदांतून सारखा ऐकू येतो. म्हणजे हा बदल होताना कामगारांवर आणि गरिबांवर अन्याय होऊ नये. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकातही कामगारांसाठीच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. ‘पर्यावरणीय न्याय’ हा त्याच्याआधीचा शब्द. १९८२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात वॉरन काउंटी या बहुसंख्य कृष्णवर्णीय, गरीब भागात विषारी मातीचा उकिरडा आणून टाकला, तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले. घाण कुणाच्या दारात टाकायची हे ठरवताना माणसाचा रंग आणि खिसा पाहिला जातो, हे त्या आंदोलनाने जगापुढे मांडलं. शब्द तिकडचे असले तरी प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे. आणि आपल्याकडे तो दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडतो, असं माझं म्हणणं आहे. ते ठिकाण म्हणजे यादी. बाधित कोण, हक्कदार कोण, भरपाई कुणाला, हे ठरवणारी यादी जमिनीच्या कागदावरून तयार होते आणि ज्यांच्याकडे कागदच नाही ती माणसं पहिल्याच पानावर गळतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या. धुराने शहर इतकं गांजलं की १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. त्याच सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी कामाला लावण्याची योजना आकाराला येत होती. वळवण, शिरवटा, लोणावळा या तलावांचं पाणी खाली खोपोलीला सोडून १९१५ साली टाटांच्या केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. मग भिवपुरी, मग भिरा. मुंबईच्या हवेच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती. आजच्या भाषेत बोलायचं तर कोळसा सोडून अक्षय ऊर्जेकडे जाण्याचा महाराष्ट्रातला हा पहिला मोठा बदल.

भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि मुळशी पेट्यातली भाताची खाचरं पाण्याखाली जाणार हे नक्की झालं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. तीन वर्षांनी सत्याग्रह मोडला. तो का मोडला याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक आजही नीट पाहण्यासारखं आहे. पेट्यातल्या कितीतरी जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. सरकार १८९४ च्या कायद्याने जमीन घेणार, तर भरपाई कागदावरच्या मालकाला. सावकाराला चांगल्या भावाने रोख पैसे मिळाले की त्याचा प्रश्न सुटत होता. खाचरात चिखलणी करणाऱ्या मावळ्याचा प्रश्न तिथून सुरू होत होता. जान त्याची, जमीन दुसऱ्याच्या नावावर. लढ्यात फूट पडली ती या भेगेतूनच.

कोयनेचंही तेच. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीचा कणा आहे, असं आम्ही शाळेत शिकलो आणि ते खोटं नव्हतं. धरण होऊन साठ वर्षं झाली. त्या काळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत माणसं विखुरली. काही वर डोंगरात सरकली, तर तिथे पुढे अभयारण्य आणि २०१० साली व्याघ्र प्रकल्प झाला. धरणग्रस्तांच्या बैठकीत जाऊन बसलात तर तिथे एक शब्द सतत कानावर येतो: ‘संकलन’. म्हणजे कोणत्या खातेदाराची किती जमीन गेली, कुटुंबात कोण होतं, काय मिळालं, काय राहिलं, याचं रजिस्टर. जिथे हे रजिस्टर धरण बांधण्याआधी व्हायला हवं होतं, तिथे त्याची जुळवाजुळव नातवंडांच्या काळात चालते. आजोबांच्या नावात एका कागदावर एक अक्षर, दुसऱ्यावर दुसरं. एवढ्यावरून पात्र-अपात्रचा निकाल होतो. आणि हे खातेदारांचं झालं. त्या गावांतले बलुतेदार, कुणाच्या तरी शेतावर राबणारे भूमिहीन, यांना संकलनात मुळात रकानाच नव्हता.

आता सूर्याकडे येऊ. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ साली. गावागावांत छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज द्यायची, हे तिचं सूत्र. ही योजना मला मनापासून पटते. ज्याने डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी हातात घेऊन गव्हाला पाणी दिलं आहे, बांधावर साप आणि उसात बिबट्या याची धास्ती घेतली आहे, त्याला दिवसाची वीज म्हणजे काय ते विचारा. शेतकऱ्यांची ही मागणी कित्येक वर्षांची आहे आणि ती पुरी होत असेल तर त्यासारखं दुसरं चांगलं काम नाही.

पण या योजनेला जमीन लागते. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर. १६ हजार मेगावॉटचं लक्ष्य धरलं तर ६४ ते ८० हजार एकर. यातली बरीच जमीन सरकारी आहे, आणि गावाच्या हद्दीतली सरकारी जमीन म्हणजे मुख्यतः गायरान.

गायरान या शब्दाचा सरकारी अनुवाद बहुतेक वेळा ‘पडीक’ असा होतो. मराठवाड्यातल्या एखाद्या गायरानात मार्च महिन्यात जाऊन उभं राहिलं तर वरवर तसंच वाटतं. मुरूम, कुसळं, तरवडाची झुडपं, मधेच एखादी बाभूळ. पण जरा थांबून बघा. बाभळीखाली शेंगा पडलेल्या असतात आणि एक म्हातारी आकडीने फांदी हलवून आणखी पाडत असते. तिच्या पाच-सहा शेळ्या शेंगांवर तुटून पडतात. कडब्याची पेंढी विकत घेण्याची तिची ऐपत नाही. फाल्गुन-चैत्राचे दोन महिने ती आणि तिच्या शेळ्या या शेंगांवर काढतात. एका शेळीच्या पैशात नातीची वह्या-पुस्तकं होतात, दुसरीच्या पैशात दवाखाना. पलीकडे धनगराचा वाडा येऊन बसलेला असतो. ओढ्याच्या अंगाला कुणीतरी दोन एकरांत ज्वारी पेरलेली असते. तो बहुधा दलित किंवा पारधी कुटुंबातला असतो आणि महसुली भाषेत तो ‘अतिक्रमणधारक’ असतो.

या अतिक्रमणाला मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यात हजारो माणसं तुरुंगात गेली. पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यांची मागणी होती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, पण कितीतरी कुटुंबांचे अर्ज तहसीलच्या कपाटातच राहिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश दिले, तेव्हाही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींच्या बाबतीत अपवादाला जागा ठेवली होती. आपल्याकडे त्या निकालातलं ‘काढा’ तेवढं ठळकपणे वाचलं गेलं.

आता त्या गायरानावर सौर प्रकल्पाचं कुंपण पडलं असं समजा. सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्यामुळे जनसुनावणी होत नाही. जमीन संपादन केलेली नसते, सरकारचीच असते, म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यासही होत नाही. म्हणजे कोळशाची खाण उघडताना निदान एक मंडप पडतो, माईक लागतो, माणसं शिव्या देऊन का होईना बोलतात. कुंपणाच्या बाबतीत तेवढंही होत नाही. बाभूळवाल्या म्हातारीला ही गोष्ट खांब रोवायला जेसीबी आल्यावर कळते.

पैशांचं गणितही बघण्यासारखं आहे. योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. वीस एकरांचे वर्षाला दहा लाख होतात. पंचवीस वर्षांत, वाढ धरून, साडेतीन कोटींच्या पुढे. तेच वीस एकर गायरान असेल तर प्रकल्पाला जागा नाममात्र भाड्याने मिळते आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपये. एक जमीन एका माणसाच्या नावावर आहे म्हणून साडेतीन कोटींची. दुसरी अख्ख्या गावाची आहे म्हणून पंधरा लाखांची. सूर्य दोन्हीकडे तेवढाच तापतो. आणि त्या पंधरा लाखांतून बहुधा पेव्हर ब्लॉक बसतात, शेळ्यांच्या चाऱ्याचा विषय ग्रामसभेच्या अजेंड्यावर येत नाही.

खासगी जमिनीचं भाडंही सगळ्यांना न्याय देतंच असं नाही. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगडाला २,०५० मेगावॉटचा सौर पार्क आहे, सुमारे १३ हजार एकरांवर. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली म्हणून त्याचं कौतुक झालं आणि त्या कौतुकात तथ्य आहे. दुष्काळी भागातल्या जमीनमालकाला हमीचं उत्पन्न मिळालं. पण त्या जमिनींवर जे खुरपणी-काढणीला जायचे, ज्यांच्या मेंढ्या पीक निघाल्यावर त्या रानात बसायच्या, त्यांच्या हातचं काम आणि चराई गेली. भाड्याच्या करारावर सही करायला त्यांच्याकडे सातबारा नव्हता. मुळशीच्या सावकाराची आणि मावळ्याची गोष्ट इथे शंभर वर्षांनी पुन्हा समोर येते, फक्त पाण्याच्या जागी काच आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हवामान बदल थांबायला तयार नाही. अवेळी पाऊस, गारपीट, उष्णतेच्या लाटा यांचा पहिला फटका या भूमिहीनालाच बसतो. मग प्रत्येक गायरानावर प्रत्येक शेळीवालीची संमती घेत बसलो तर पॅनेल लागणार कधी? न्यायाच्या नावाखाली आपण गरिबांचंच नुकसान करणार नाही का?

मला हा प्रश्न छळतो. वेळ नाही हे खरंच आहे. पण यादी करायला वेळ लागतो म्हणून ती टाळली, तर तो वेळ वाचत नाही, पुढे ढकलला जातो आणि फुगून परत येतो. गावाला विश्वासात न घेता घातलेल्या कुंपणावर मोर्चे येतात, काम बंद पडतं, पोलीस बंदोबस्त लागतो, प्रकरण कोर्टात जातं. महाराष्ट्रातल्या सौर प्रकल्पांच्या वाटेत अशी भांडणं आत्ताच उभी आहेत. कोयनेचं संकलन साठ वर्षं चाललं, त्याऐवजी ते सुरुवातीला दोन वर्षांत उरकता आलं असतं. शिवाय दुसरी एक गोष्ट आहे. वेळ नाही हे कारण आपण नेहमी एकाच बाजूला सांगतो. कर्ज, वीज खरेदी करार, ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर या सगळ्यांना जितका लागतो तितका वेळ दिलाच जातो. बँक कागद तपासल्याशिवाय पैसे सोडत नाही आणि तिला कुणी हवामान बदलाची आठवण करून देत नाही.

कोळशाच्या पट्ट्यात चित्र उलटं आहे. तिथे प्रकल्प येण्याचं दुखणं जुनं, जाण्याचं नवं. चंद्रपूर २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकांत होतं. या यादीत मात्र सगळ्यांची नावं आपोआप आली. दुर्गापूर, ऊर्जानगरच्या बाजूला उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकून झोपलं की सकाळी चादरीवर बोट फिरवून रेघ ओढता येते. तिथल्या बायका कुरडया आणि पापड वर पातळ कापड घालून वाळवतात. नागपूरजवळ कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचा गाळ शेतांतून, नाल्यांतून वाहत गेला. ओली राख वाळली की शेतावर सिमेंटसारखा थर धरते, खालचं रोप दिसेनासं होतं. त्याच कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच आणण्याचा बेत आहे. म्हणजे एकीकडे आपण कोळशातून बाहेर पडायचं म्हणतो आणि ज्यांनी आधीच राख खाल्ली त्यांच्याच ताटात आणखी वाढतो.

या पट्ट्यासाठी पैसा नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणींना स्वामित्वधनाच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या, ३० टक्के रक्कम या निधीत भरावी लागते, आणि कोळशाचं स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के आहे. खाणबाधितांच्या पिण्याच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर, उपजीविकेवर हा पैसा खर्च व्हावा असा कायद्याचा हेतू. पुन्हा प्रश्न तोच: खाणबाधित कोण? ज्याची जमीन गेली तो कागदावर आहे. खाणीच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारा, ट्रकवर ताडपत्री बांधणारा, खाणीमुळे विहीर आटलेला शेजारच्या गावातला बटाईदार, हे कोणत्याच यादीत नाहीत. मग पैसा जातो रस्त्याला आणि इमारतीला, कारण रस्त्याला आधार कार्ड लागत नाही. खाण बंद करण्याचा आराखडा २००९ पासून बंधनकारक आहे, त्यासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. त्या आराखड्यात खड्डा भरणं, झाडं लावणं, पाणी मुरवणं यावर पानंच्या पानं असतात. माणसांवर त्या मानाने फार थोडं.

हे सगळं बदलता येतं, आणि त्यासाठी परदेशातून नमुने आणायची गरज नाही, असं मी ठामपणे म्हणतो. कागद नसलेल्या माणसाला कागद मिळवून देण्याची विद्या महाराष्ट्राला येते. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. हमाल आज या पेढीवर, उद्या त्या गोदीत. त्याचा मालक कोण हेच ठरत नव्हतं. कायद्याने काय केलं, तर मंडळ स्थापन केलं. हमालाची नोंद मंडळाकडे, मालकाचीही मंडळाकडे. मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा आकार, मालकाने मंडळात भरायची, आणि मंडळ त्यातून पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी देणार. मालक बदलला तरी हमालाची नोंद हलत नाही. वीज केंद्रं आणि खाणींतल्या कंत्राटी कामगारांसाठी असं मंडळ का नको? ठेकेदार कितीही बदलू देत, नोंद मंडळाकडे राहील. संच बंद होण्याच्या दिवशी कोण किती वर्षं राबलं हे एका बटणावर कळेल, आणि नवं काम, प्रशिक्षण, भत्ता कुणाला द्यायचा याचा वाद उरणार नाही.

पुण्यात कचरावेचकांनी याहून अवघड गोष्ट करून दाखवली. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. बाबा आढावांसारखा माणूस पाठीशी होता. या बायकांना ना मालक होता, ना मस्टर. पोलीस हटकायचे, सोसायटीवाले चोर म्हणायचे. पंचायतीने ओळखपत्रं काढली आणि महापालिकेने ती मान्य केली. एका फोटोच्या कार्डाने उकिरड्यावरची बाई कामगार ठरली. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं शहराचं काम त्याच बायकांकडे आलं. कचरा व्यवस्थापन आधुनिक होताना घंटागाडी आणि यंत्रं आणून त्यांना बाजूला सारणं सोपं होतं. तसे प्रयत्न झाले, आजही होतात, आणि दर वेळी ते ओळखपत्र मधे उभं राहतं.

गायरानासाठी वनहक्क कायद्याची पद्धत डोळ्यांपुढे आहे. २००६ च्या या कायद्यात दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासून होते, तिची वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते आणि लेखी पुराव्याबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचं निवेदनसुद्धा पुरावा म्हणून चालतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली याच कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ज्या राज्यात जंगलाचं हे होऊ शकलं, तिथे गायरानावर कुंपण घालण्याआधी ग्रामसभेने तिथे कोण चारतं, कोण पेरतं, कोण सरपण आणतं याची नोंद करावी, एवढं मागणं जड नाही. नोंद झाली की पुढचं ठरवता येतं: कोणता भाग चराईला सोडायचा, पॅनेलखाली आणि कडेने गवत कापायचा हक्क कुणाचा, आणि खासगी जमिनीला मिळतं तेवढंच भाडं गायरानालाही मिळून त्यातला वाटा नोंदीतल्या कुटुंबांना कसा जाईल. मला तर वाटतं, भाड्याच्या पुढे जाऊन त्या कुटुंबांची सहकारी संस्था प्रकल्पात भागीदार असावी. साखर कारखान्यात ऊस घालणारा सभासद होऊ शकतो, तर सूर्यप्रकाशाखालची जमीन देणारं गाव का नाही?

पैसे कोण देणार, हा प्रश्न उरतो. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, तेव्हा राज्याने शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला. आजही आपल्या पगाराच्या पावतीवर दरमहा दोनशे रुपये कापले जातात ते त्यामुळे. खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी शहराने पैसे द्यावेत ही गोष्ट या राज्याने मान्य केली होती आणि पन्नास वर्षं निभावली आहे. एअर कंडिशनर लावणाऱ्या घरांच्या वीजबिलावर थोडा अधिभार बसवून तो कोळशाच्या पट्ट्यासाठी आणि गायरानांसाठी बाजूला ठेवला, तर शहर बुडणार नाही. मी स्वतः तो आनंदाने भरीन.

घाई आणखी एका कारणाने हवी आहे. सौर वीज रात्री मिळत नाही, म्हणून ती साठवायला डोंगरावर पाणी चढवायचं आणि गरजेला खाली सोडायचं, असे उदंचन प्रकल्प सह्याद्रीत येऊ घातले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने टाटा पॉवरबरोबर अशा २,८०० मेगावॉटचा करार केला. त्यातला १,८०० मेगावॉटचा प्रकल्प शिरवट्याला आणि १,००० मेगावॉटचा भिवपुरीला. तीच नावं, तेच डोंगर. तारळी, पाटगावसारख्या ठिकाणीही असेच प्रकल्प ठरले आहेत. साठवणुकीशिवाय सौरऊर्जेचं गाडं पुढे जाणार नाही हे मला कळतं आणि या प्रकल्पांना माझा सरसकट विरोध नाही. पण या डोंगरांवर गवताचे माळ आहेत, नाचणी-वरईची उतारावरची शेती आहे, धनगरवाडे आहेत, आणि तिथल्या निम्म्या गोष्टी अजून कोणत्याही कागदावर नाहीत. यादी होण्याची वेळ पहिला सुरुंग लागण्याच्या आधीची.

चंद्रपुरात तर लगेच सुरुवात करता येईल. तिसरा आणि चौथा संच किती वर्षं चालवायचे हे केंद्र चालवणारी महानिर्मिती ही सरकारी कंपनी ठरवेल तेव्हा ठरवेल. त्याआधी ऊर्जानगरच्या गेटवर एक टेबल मांडावं, पाळी बदलताना, सकाळी आणि रात्री. कामगार आयुक्तालयाचा एक कारकून, युनियनची दोन माणसं, एक रजिस्टर. येणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराने घरातले सगळे जुने गेटपास घेऊन यावेत. नाव, गाव, पहिल्या पासची तारीख, काम कोणतं, खोकला आहे का, कुटुंबात किती जण, दुसरं काय येतं. ज्याचे पास हरवले असतील त्याच्यासाठी बरोबर काम करणाऱ्या दोघांची साक्ष पुरेशी धरावी.